सहीखालचा जिल्हा

रशीदभाई,

तुम्ही गेलात हे आता महागावात सगळ्यांना कळलं आहे. पुसदच्या रुईवाल्याला कळलं, उमरखेडच्या तुमच्या साडूला कळलं, आणि जिची रजई अर्धी भरून तुमच्या दुकानात पडली आहे त्या बाईलाही कळलं. ती बंद शटरपुढे उभी राहून डोळे पुसत होती आणि पुसता पुसताच मला म्हणाली, "माह्या रजईचं आता कोन पाहीन वो?" मला राग आला आणि हसूही आलं. तुम्ही असतात तर आधी तिला बसायला स्टूल दिलं असतं.

राहिले फक्त इंटरनेटवरचे ते फोरमवाले. परवा भाभींना भेटायला गेले होते. इद्दतीत बसल्या आहेत, चार महिने दहा दिवस बाहेर पडायचं नाही, म्हणून मनातली सगळी कामं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. मला म्हणाल्या, "सुजाता, वो कम्प्युटरवाले लोगों को बोली क्या? बोल दे बेटा. वो भी तो उनके अपनेच लोग थे." मी हो म्हटलं. तेव्हापासून रोज दुपारी, माझ्या सायबर कॅफेत गिऱ्हाईक कमी असताना, ते पान उघडते, तुमचं नाव टाइप करते आणि तिथेच थांबते. पोरांना टायपिंग शिकवणारी बाई मी, आणि माझेच हात चालत नाहीत.

काय अडतं ते सांगते. तुमच्या नावाने लिहायला घेतलं की खाली आपोआप तुमची ती पत्त्याची सही येते. मु. पो. महागाव, ता. महागाव, जि. यवतमाळ. तिच्यावर मी "हा माणूस गेला" एवढंच लिहिलं तरी पुढचं वाक्य वाचणारा स्वतःच लिहून टाकणार. यवतमाळचा माणूस मेला म्हटलं की कसा मेला हे या दिवसांत जगाला आधीच माहीत असतं. आणि तसे तुम्ही गेला नाहीत. हे सांगावं तर कसं सांगावं, आणि सांगावं की नाही, यावरच तर आपलं भांडण राहून गेलं आहे.

तुमच्या जनाज्याच्या दिवशी काय झालं ते तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. बायका घरात होत्या, मी कॅफेच्या दारात उभी होते. माणसं कब्रस्तानाकडे वळली, रस्ता जरा मोकळा झाला आणि एक पांढरी जीप माझ्यासमोर येऊन थांबली. दोघं होते, एकाच्या खांद्यावर कॅमेरा. तो घाईघाईने उतरला.

"कोण वारलं, मॅडम? शेतकरी होते का?"

"गादीवाले होते."

"म्हणजे शेती नव्हती?"

"नव्हती."

त्याने कॅमेऱ्यावर झाकण लावलं. "सॉरी हं," म्हणाला, आणि पुढच्या गावाचा रस्ता विचारला. मी सांगितला. काय करणार, रस्ता विचारणाऱ्याला रस्ता सांगायची सवय आहे आपल्याला. पण तेव्हापासून ते झाकण माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. असतात शेतकरी, तर तुमच्या घरात शिरले असते आणि भाभींच्या तोंडापुढे माइक धरला असता. नव्हतात, म्हणून तुमचं मरण त्यांच्या काही कामाचं नव्हतं. दोन्ही कल्पनांनी अंगाचा तिळपापड होतो, आणि यातलं कुठलं जास्त वाईट ते मला अजून ठरवता येत नाही.

आपली ओळख भांडणातूनच झाली. तुमचं दुकान आणि माझा कॅफे यांच्यात एकच भिंत, आणि त्या भिंतीला वर पत्र्याखाली वीतभर फट. पलीकडे तुमची पिंजायची मशीन सुरू झाली की इकडे माझे कॉम्प्युटर एकेक करून बंद पडायचे. दुरुस्तीवाल्याने डबा उघडून दाखवला तर आतल्या पंख्याभोवती रुईचा गोळा बसलेला, जणू पाखराने घरटं केलं होतं. तो गोळा हातात घेऊन मी तुमच्या दुकानात शिरले आणि जे तोंडाला येईल ते बोलले. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग तो गोळा माझ्या हातातून घेऊन निरखून पाहिलात आणि म्हणालात, "चांगली रुई हाय ताई. वाया नाही जाऊ देत." संध्याकाळपर्यंत त्या फटीला ओली चादर लागली होती, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या लाकडी खुर्चीवर एक गुबगुबीत उशी. तुमच्या दुकानात मी पुन्हा भांडायला आले नाही असं नाही, पण उशीवर बसून उशीवाल्याशी भांडताना आवाज चढत नाही.

वेबसाइटचं खूळ तुमच्या डोक्यात त्या बदली झालेल्या इंजिनियरसाहेबांनी घातलं. पुण्याहून फोन करून म्हणाले, इथे सगळा फोम, पाठ धरते, तुमची गादी इंटरनेटवर टाका. तुम्ही सरळ माझ्याकडे आलात. "ताई, गादी इंटरनेटवर कशी टाकतेत?" मलाही येत नव्हतं. पण वेबसाइट बांधायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर होतं, आणि ते वापरणाऱ्यांचा इंटरनेटवर एक फोरम होता. अडलेल्याने तिथे प्रश्न टाकायचा, ज्याला येतं त्याने उत्तर द्यायचं, पैसे नाहीत, काही नाही. हे ऐकून तुम्ही खूश झालात. "म्हंजे पानठेलाच की! उभं राह्याचं, पुसायचं, सांगायचं." शेवटपर्यंत तुम्ही त्याला पानठेलाच म्हणालात. दुपारी लाइट आली की भिंतीवर थाप मारायची आणि विचारायचं, "ताई, पानठेला उघडला काय?"

तिथे नवीन आलेल्याने पहिल्यांदा आपली ओळख लिहायची असते. तुम्ही बोलत होतात, मी इंग्रजीत टाइप करत होते. लोक तिथे दोन ओळी लिहितात, नाव तर कोणी खरं सांगतच नाही. एक स्वतःला पेंग्विन म्हणवतो, दुसरा आणखी काही. आणि तुम्ही? सलाम आणि रामराम दोन्ही घातलेत, नाव सांगितलंत, वडलांचं नाव सांगितलंत, धंदा सांगितलात, आणि मग मला म्हणालात, लिहा, मुक्काम पोस्ट महागाव, तालुका महागाव, जिल्हा यवतमाळ.

"महागाव दोनदा कायले?" मी विचारलं.

"एक गाव हाय, एक तालुका हाय. दोनी वेगळे हायेत."

आणि वर शेवटी लिहायला लावलंत, की आता सगळ्यांनी आपापलं नाव-गाव सांगावं, मग कामाचं बोलू. मी समजावलं की इथे तसं विचारत नसतात, लोक नाराज होतात. तुम्ही ऐकायला तयार नाही. "ज्याचं गाव माहीत नाही त्याच्या हातचा सल्ला घ्यावा कसा, ताई? उद्या चुकला तं कोन्या गावी जाऊन पुसू?" आणि तो पत्ता कायमचा सहीत ठेवायला सांगितलात, म्हणजे प्रत्येक प्रश्नाखाली आपोआप येईल. बटण का दिसत नाही एवढा दीड ओळीचा प्रश्न, आणि त्याखाली अख्खं टपाल.

बहुतेकांनी दुर्लक्ष केलं. पेंग्विनने मात्र उत्तर दिलं. कुठल्याशा थंड मुलखातला म्हातारा, समुद्राकाठचं गाव, होड्या दुरुस्त करतो. त्याने गावाचं नाव लिहिलं आणि विचारलं, तालुका म्हणजे काय? तुम्ही मला सांगितलंत, लिहा, तालुका म्हंजे जिथं सही घ्याले जा लागते आन साहेब जेवाले गेले असतेत. मी तसंच लिहिलं. त्याचं उत्तर आलं, की मग आमच्याकडेही तालुका आहे. तुम्ही किती हसलात! हसता हसता खोकला लागला आणि मी पाणी आणून दिलं. तेव्हा आपण दोघांनीही त्या खोकल्याकडे लक्ष दिलं नाही. तुम्ही म्हणालात, रुई हाय, निंगून जाईन.

साइट उभी राहिली, आणि मग तो फोटो. मी काढलेला, दुकानाच्या ओट्यावर नवी कोरी लग्नाची गादी, तांबडं कापड. साइटवर टाकला की आडवा ताणला जायचा. एवढी वीतभर जाड गादी, दिसायची सतरंजीसारखी. मी माझं सगळं डोकं लावून पाहिलं. शेवटी तुम्ही म्हणालात, पानठेल्यावर पुसू. पुसलं. खाली नेहमीप्रमाणे सही.

दुसऱ्या दिवशी उत्तरं आली होती, आणि भरपूर. तुम्ही उत्साहाने स्टूल ओढून बसलात. मी वाचायला लागले आणि माझा आवाज बसत गेला. पेंग्विनने सहज म्हणून तुमच्या जिल्ह्याचं नाव इंटरनेटवर शोधलं होतं. जे सापडायचं तेच सापडलं. त्याने लांबलचक लिहिलं होतं, की तुमच्या भागात कापूस पिकवणारी माणसं जीव देतात हे वाचून आम्ही हादरलो, तुम्ही सगळे सुखरूप आहात ना, आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करतो. त्याच्याखाली दुसरा, त्याच्याखाली तिसरा. माणसं चांगली होती हो, त्यांच्या शब्दाशब्दातून कळत होतं. मी सगळं मराठीत सांगून संपवलं. तुम्ही पडद्यावर बोट ठेवून विचारलंत,

"आन फोटोचं?"

"फोटोचं काही नाही लिहिलं."

तुम्ही उठलात आणि मशीनवर जाऊन बसलात. पुन्हा विचारू का म्हटलं तर नाही म्हणालात. एकदा पुसलं ते पुसलं. माझ्या नावाने विचारते म्हटलं, त्यालाही नाही. तुमचा हट्ट तुम्हाला लखलाभ. साइटवर ती सतरंजी तशीच राहिली आणि आलेल्या गिऱ्हाइकाला तुम्ही ती दाखवून सांगायचात, हे फोटोत बारीक दिसून राह्यली, हाय जाड.

त्या दिवशी मी म्हटलं ते अजूनही म्हणते. मी म्हटलं, "रशीदभाई, सहीतून जिल्हा काढा. नुसतं महाराष्ट्र लिहा. नाहीतर तुमाले कोनी गादीवाला समजणारच नाही."

"महाराष्ट्र काय आपलं गाव हाय?"

"मंग निदान लिहा, की मी कास्तकार नाही. खरं हाय ते सांगाले काय जाते?"

आणि तेव्हा तुम्ही मशीन बंद केलीत. तुम्ही कधी माझ्यावर चिडला नव्हतात, त्या दिवशी चिडलात. "कायले सांगू? ज्यायच्या घरी झालं ते माह्ये गिऱ्हाईक हायेत, ताई. त्यायच्या पोरीच्या लग्नाची गादी म्या भरली. मी त्यायच्यातला नाही, असं त्या पेंग्विनले कायले सांगू? ते काय महामारी हायेत?"

 मी गप्प बसणारी नाही हे तुम्हाला माहीत होतंच. मी म्हटलं, "तुमाले गाव पुसलं का चहा येते. मले गाव पुसलं का फुडचा सवाल येते. गावात घर कोन्या बाजूले? आडनाव काय? मंग त्यायचं तोंड बदलते. म्या त्या फोरमवर नुसतं 'सुजा' लिहिलं. तिथं मले कोनी काही पुसत नाही. म्हनून तं मले ते आवडते."

 तुम्ही हळूच म्हणालात, "आमचं तं नाव ऐकूनच भागते लोकायचं. गावापर्यंत जातच नाहीत. म्हनून मी गाव स्वताहून सांगतो." इतक्यात कोणीतरी उशीची खोळ घ्यायला आलं आणि बोलणं तिथेच राहिलं.

तिथेच राहिलं, रशीदभाई. पुन्हा आपण त्यावर बोललो नाही. मी मनात कितीतरी उत्तरं तयार केली होती. तुमचं म्हणणं मला पटलं नव्हतं, आजही पुरतं पटलेलं नाही. गाव सांगून माणूस जवळ येतो हा तुमचा अनुभव, माझा नाही. पण एक गोष्ट मी तुम्हाला बोलून दाखवली नाही. त्या रुईच्या गोळ्याच्या दिवशी भांडण संपल्यावर तुम्ही मला विचारलं होतंत, "कोन्या गावचे, ताई?" मी सांगितलं, आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहत उभी राहिले. तुम्ही विचारलंत, "तिकडं विहिरीले पानी हाय काय औंदा?" बस. पुढचा प्रश्न मला तुमच्याकडून कधी आलाच नाही. त्याबद्दल मी तुमचे आभार मानायला हवे होते, पण अशा गोष्टीचे आभार कोण मानतं?

मग तो खोकला निघून गेला नाही. आधी तुम्ही मशीनवरून उठून श्वास घ्यायला बाहेर यायचात, मग भिंतीवरची थाप मऊ झाली, मग कधीकधी येईनाशी झाली. पुसदला दाखवलं, तिथून यवतमाळला पाठवलं. डॉक्टरांनी भाभींना समजावून सांगितलं, की इतकी वर्षं रुई पिंजली, ती बारीक धूळ आत जाऊन बसली, फुफ्फुसं निकामी झाली. भाभींनी ते मला तसंच सांगितलं आणि म्हणाल्या, "कपास खा गया उनकू." मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. हे वाक्य आपल्या जिल्ह्यात घरोघर बोललं जातं आहे. त्यांना ते कळलंही नाही. त्या जे खरं होतं तेच बोलल्या होत्या.

मी अडून बसले होते ती याचसाठी. खोटं लिहायचं नाही, तर कापूस लिहावा लागणार. कापूस लिहिला आणि खाली यवतमाळ आलं, की ते लोक समजायचं तेच समजणार. मग खुलासा करावा लागणार, की तसे नव्हे हो, तसल्यांपैकी नव्हते. आणि ते वाक्य टाइप करायला घेतलं की तुमची मशीन बंद झाल्यासारखं वाटतं आणि तुम्ही विचारता, ते काय महामारी हायेत?

काल दुपारी शेवटी लिहिलं. तुमच्या नावाने लिहिणं बरं वाटेना, मेलेल्या माणसाने स्वतःची खबर काय द्यावी. माझ्या नावाने लिहिलं. रशीदभाई गादीवाले गेले. जन्मभर रुई पिंजली, तिच्या धुळीने त्यांची फुफ्फुसं गेली. तुम्हा फोरमवाल्यांबद्दल घरी फार बोलायचे. एवढंच. शेतकरी नव्हते असं लिहिलं नाही. ज्याला जे समजायचं ते समजू दे. आणि खाली माझं नाव लिहिलं, बापाचं नाव लिहिलं, आडनाव लिहिलं. मु. पो. पिंपळदरी, ता. महागाव, जि. यवतमाळ. त्या फोरमवर जाऊन मला इतकी वर्षं झाली, गावाचं नाव पहिल्यांदाच लिहिलं.  तुमचं पटलं म्हणून लिहिलं असं समजू नका. तुमच्या बातमीखाली नुसतं 'सुजा' दिसणं मला सहन होईना, म्हणून लिहिलं.

आज उत्तरं आली. पहिली तीच होती जी येणार हे मला माहीत होतं. तुमच्या जिल्ह्याबद्दल वाचतो, वाईट वाटतं, सरकारने काहीतरी करायला हवं. मी वाचत गेले आणि ओठ चावत गेले. मग पेंग्विनचं आलं. त्याने जिल्ह्याबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं, की रशीदने त्या दिवशी गादीच्या फोटोबद्दल विचारलं होतं आणि मी दुसरंच बोलत बसलो, उत्तर द्यायचं राहून गेलं. आणि मग व्यवस्थित सांगितलं होतं, की साइटच्या साच्यात प्रत्येक फोटोची उंची आधीच ठरवून टाकलेली आहे, ती एक ओळ कुठे सापडेल, आणि ती काढून टाका.

काढली, रशीदभाई. पान पुन्हा उघडलं आणि ओट्यावर तुमची गादी बसली होती, फुगलेली, तांबडी, वीतभर जाड. आणि फोटोच्या कडेला, जिथे आजवर नुसता एक तपकिरी पट्टा दिसायचा, जो मी दरवाजाचा उंबरठा समजत होते, तिथे तुमचा हात आहे. दाभणात दोरा ओवून धरलेला, नखात रुई अडकलेली. फोटो मीच काढला होता, आणि तरी मला तो आजवर दिसला नव्हता.

प्रिंट काढून भाभींना नेऊन दिली. म्हटलं, बघा, गादी आता कशी छान दिसते. त्यांनी गादीकडे पाहिलंच नाही.